पाऊस भांगेत की उधाणात? ठाणे-कल्याणच्या खाड्यांतील हवामान आणि जीवसृष्टी

हवामानाचा मासेमारीवर होणारा परिणाम हा विषय निघाला की खुला समुद्रच डोळ्यांसमोर येतो : वादळाचा बावटा, किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्या, खवळलेल्या लाटा. कळवा, कोलशेत, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या मच्छीमाराला लाटांची धास्ती कमी. त्याचे पाणी खाडीचे आहे. तिथे वाऱ्याने होडी सहसा उलटत नाही. पण समुद्राइतके खारे पाणी पुराच्या आठवड्यात नदीसारखे गोडे होते आणि उन्हाळ्यात एखाद्या दुपारी तळाजवळचा प्राणवायू संपत येतो. खाडीवर हवामानाचा परिणाम होतो तो भरती-ओहोटीच्या हातून, हा या विवेचनाचा गाभा आहे. किती मिलिमीटर पाऊस पडला, पारा किती अंशांवर गेला, एवढ्या माहितीवर खाडीतले काहीच नीट सांगता येत नाही. तो पाऊस किंवा ते ऊन कोणत्या तिथीला आले, हे सोबत कळले तरच माशांचा, पाखरांचा आणि जाळ्याचा हिशेब लागतो.

दोन खाड्या, दोन स्वभाव

या भागात खाड्या दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. ठाण्याची खाडी मुंबई बंदराच्या उपसागरातून उत्तरेकडे सुमारे २६ किलोमीटर आत शिरते. वाशी-ऐरोलीकडे ती रुंद व उथळ आहे, कळव्याशी अगदी निमुळती होते आणि पुढे एका अरुंद फाट्याने उल्हासच्या खाडीला मिळते. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-बदलापूरवरून कल्याणला येते, काळू आणि भातसा यांचे पाणी घेते, दुर्गाडी किल्ल्याखालून डोंबिवली, मुंब्रा, घोडबंदर असा वळसा घालून वसईला समुद्राला मिळते. कल्याणजवळ मोहने येथे बंधारा आहे. त्याच्या वरचे पाणी गोडे, खालचे भरतीचे.

दोघींच्या स्वभावातला फरक इथूनच सुरू होतो. उल्हासच्या पाठीशी सह्याद्री आहे. घाटात पाऊस कोसळला की काही तासांत तिची खाडी नदी होते आणि पावसाळ्याचे चार महिने आतून धुतली जाते. ठाण्याच्या खाडीला स्वतःची मोठी नदी नाही. तिला नाले मिळतात आणि उत्तरेच्या फाट्याने उल्हासचे थोडे पाणी मिळते. पावसाळा संपला की तिच्या वरच्या टोकाचे पाणी बाहेर जायला भरती-ओहोटीखेरीज दुसरा आधार उरत नाही. त्यामुळे एकच पाऊस दोन्ही खाड्यांत वेगवेगळे परिणाम घडवतो.

तिथीचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. हा आडाखा मुंबईच्या वेळापत्रकाशी बऱ्यापैकी जुळतो. ठाणे-कल्याणला पाणी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथे भरती त्यानंतर येते. अपोलो बंदरच्या सरासरी आकड्यांनुसार उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भरतीची पातळी ४.४२ मीटर आणि ओहोटीची ०.७६ मीटर असते. भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तेच आकडे ३.३० आणि १.८६. म्हणजे उधाणाला पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते, भांगेला जेमतेम दीड मीटर. डोळ आणि बोक्शी ही जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. मच्छीमार उधाणाला ती लावतो आणि भांगेला होडी डागडुजीला काढतो, त्यामागे हेच आकडे आहेत.

या आडाख्यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री येते, सुकती (पूर्ण ओहोटी) पहाटे आणि सायंकाळी. भांगेला उलटे : भरती सकाळ-संध्याकाळ, सुकती भर दुपारी. चंद्र आणि सूर्य यांचे हे गणित बदलत नाही. परिणामी पाणी सर्वांत कमी हलते त्याच दिवसांत त्या दिवसाची सुकतीही नेमकी सूर्य डोक्यावर असताना येते.

ऊन आणि प्राणवायू

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. समुद्राइतके खारे पाणी ३० अंशांना सव्वासहाच्या वर धरत नाही. वरची मर्यादा एवढीच. त्यातून कुजणारा मैला, गाळातले जिवाणू आणि मासे आपापला वाटा घेतात. प्राणवायू तीन मिलिग्रॅमखाली उतरला की बहुतेक मासे त्रासतात, दोनखाली गेला की पळतात किंवा मरतात.

आता मे महिन्यातली अष्टमी घ्या. भरती सकाळी होऊन गेलेली, ती मुळात अपुरी. दुपारी पाणी उतरते आणि वर लख्ख ऊन. भांगेची भरती सव्वातीन मीटरच्या आसपासच थांबत असल्याने कांदळवनाच्या उंच जमिनीवर सलग काही दिवस पाणी चढतच नाही. तिथला चिखल भेगाळतो आणि मिठाची पापुद्री वर येते. कळव्याच्या निमुळत्या टोकाशी नाल्यांतून आलेले पाणी या दिवसांत थोडेसे खाली जाते आणि पुढच्या भरतीत परत येते. आठवडाभर तेच पाणी तिथल्या तिथे येरझारा घालते. उन्हाळ्यात या टोकाला बोय वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसते, ती हवा घेण्याची धडपड असते. शिंगाळा अधिक चिवट, तो टिकतो. निवटीला तर चिखलात राहायचेच शिक्षण आहे : ती ओल्या कातडीतून श्वास घेते आणि बिळात तोंडाने हवा नेऊन साठवते. ज्या खाडीत बोय, कोळंबी, जिताडा कमी होऊन शिंगाळा आणि निवटी उरतात, तिथे प्राणवायूची काय गत आहे हे मोजमापाआधीच कळावे.

उधाण निर्धोक असते असेही नाही. रात्रभर पाण्यातले शेवाळ प्राणवायू वापरते, बनवत नाही. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. उधाणाची मोठी सुकतीही पहाटेच येते आणि नाल्याचे पाणी त्या वेळी खाडीच्या मध्यापर्यंत उतरलेले असते. फरक एवढाच की हा धोका दोन-तीन तासांचा. मागोमाग येणारी भरती बंदराकडचे ताजे पाणी आणते. भांगेचा धोका दिवसांच्या हिशेबात मोजावा लागतो.

हिवाळ्यात गणित सैल होते. पाणी थंड, प्राणवायू जास्त. सकाळचे मतलई वारे मंद असतात, खाडीचा पृष्ठभाग शांत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की उथळ भागातला गाळ ढवळून पाणी गढूळते. पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्याला थोडा गढूळपणा हवाच असतो, कारण नितळ पाण्यात बोय जाळे पाहून निसटते.

पहिला पाऊस

खाडीच्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ जूनचे पहिले दोन आठवडे. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला पोचतो. त्याआधी सात-आठ महिने नाल्यांच्या तळाशी गाळ, तेल, मैला, कारखान्यांचे सांडपाणी साचत आलेले असते. पहिल्या जोरदार सरी हे सारे एका दिवसात खाडीत ढकलतात. अंबरनाथ-उल्हासनगरमधून येणारी वालधुनी कल्याणला उल्हासला मिळते; तिच्या काठाने राहणाऱ्यांना त्या दिवसाचा वास ओळखीचा आहे. या लोंढ्यातला कुजणारा माल पाण्यातला प्राणवायू खातो, तळाचा काळा गाळ उसळतो, त्यातला गंधकयुक्त वायू सुटतो. मेलेली मासळी काठाला लागते ती बहुधा याच दिवसांत, आणि दोष पावसाला दिला जातो. पावसाने फक्त साचलेले पोचते केले.

याच पहिल्या पुरात मोहने बंधाऱ्यामागची जलपर्णी सुटते. उन्हाळाभर तिथे ती हिरव्यागार चादरीसारखी पसरते. पुरात तिचे तराफे कल्याण-डोंबिवलीवरून खाली वाहतात, बोक्शीच्या तोंडात अडकतात, जाळी फाडतात. खाऱ्या पाण्यात ती मरते आणि कुजताना पुन्हा प्राणवायूच खाते.

हा पहिला लोंढा उधाणात आला तर दोन-तीन ओहोट्यांत बराचसा बाहेर पडतो. भांगेत आला तर पसरून राहतो. शिवाय भांगेला पाणी कमी ढवळले जात असल्याने हलके गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी खाली असे दोन थर होतात. खालच्या थराला हवा मिळत नाही. चिंबोरी, कालवे, तळाचे किडे त्या थरात असतात. शहराचे मात्र याच्या नेमके उलटे आहे. अतिवृष्टी उधाणाच्या भरतीवर आदळली की नाले तुंबतात, घरांत पाणी शिरते. भांगेत तोच पाऊस सहज निचरून जातो. नागरिकाला सुखाचा वाटणारा पाऊस खाडीला जड जातो, आणि शहर बुडवणारा पाऊस अनेकदा खाडी धुऊन काढतो. महापालिकांच्या पावसाळी यादीत साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस ठळक छापले जातात. खाडीची यादी कोणी केली तर तीत नेमके दुसरे दिवस ठळक येतील.

२०१९ मध्ये हे दोन्ही प्रकार आठवड्याच्या अंतराने घडले. २७ जुलैला उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी आषाढ वद्य दशमी, भांग नुकती सरलेली. ४ ऑगस्टला पुन्हा अतिवृष्टी झाली, ती अमावास्येनंतरच्या उधाणात. पहिल्या पुरात नदीला समुद्राचा अडथळा कमी होता, तरी बदलापूर बुडाले, कारण पाणीच अफाट होते. दुसऱ्यात भातसा, काळू, उल्हास आणि भरती यांची कल्याणपाशी गाठ पडली. पहिल्या पुराने गोड्या पाण्याचा थर खाडीभर पसरला असणार आणि पुढच्या उधाणाने तो ढवळून बाहेर काढला असणार. पूररेषेचा अभ्यास करताना ही जोडी शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. २६ जुलै २००५ चा दिवसही याच चौकटीत बसतो : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले असले तरी दुपारच्या भरतीला नाले अडवण्याइतका जोर होता.

धरण, नळ, गटार

एक बदल पावसाच्या नोंदीत दिसत नाही, पण खाडीसाठी तो पावसाइतकाच मोठा आहे. भातसा, बारवी ही धरणे पावसाचे पाणी अडवतात. पूर्वी दिवाळीनंतरही नद्यांतून झिरपत येणारे गोडे पाणी आता मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नळांत जाते आणि वापरून झाल्यावर नाल्यांतून खाडीत येते. मोसमी हवामानाच्या खाडीला कोरड्या महिन्यांत हळूहळू खारे होत जायची सवय असते; तिथले जीव त्याच लयीला बसलेले असतात. आज एप्रिलमध्येही ठाण्याच्या खाडीच्या टोकाला गोड्या पाण्याचा पुरवठा चालू असतो, फक्त तो मैल्यासह येतो. म्हणजे भातशाच्या खोऱ्यात जुलैमध्ये पडलेला पाऊस खाडीत मे महिन्यात पोचतो, तोही भांगेच्या उथळ, तापलेल्या पाण्यात. हवामानाचा परिणाम आणि प्रदूषणाचा परिणाम हे दोन वेगळे रकाने करून लिहिण्याची आपली रीत इथे मोडते.

कोळंबी, जिताडा आणि वलगण

कोळंबीच्या बहुतेक जाती अंडी समुद्रात घालतात. पिल्ले भरतीसोबत खाडीत येतात, कांदळवनाच्या गाळात वाढतात, आणि पावसाने पाणी गोडे होऊ लागले की ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात. पावसाळ्यात बोक्शीत कोळंबी सापडते ती या परतीच्या वाटेवर. पाऊस लांबला तर हा प्रवास लांबतो; एकाच दिवशी अतिवृष्टी झाली तर अर्धवट वाढलेली कोळंबी एकदम बाहेर ढकलली जाते. जाळे भरते, पण माल बारीक असतो.

जिताड्याचे उलटे. तो पावसाळ्यात मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले खाडीच्या आतल्या निमखाऱ्या डबक्यांत, कांदळवनात, खाजणांत शिरतात. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की ही उंच डबकी भरतात. भांगेत पिल्लांना तिथवर पोचता येत नाही. पावसाळ्यात दुपारची भरती मध्यरात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, ही खगोलाची देणगी या पिल्लांच्या कामी येते. खाजणांना भराव घालून आपण ती वाट बंद केली आहे, आणि बाजारात जिताडा महागला याचे आश्चर्य करत बसलो आहोत.

मोहने बंधाऱ्याच्या वर, काळू-भातसाच्या ओढ्यांत आणि भातखाचरांत पहिल्या पावसाचा अर्थ वेगळा आहे. तिथे गोड्या पाण्याचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. हीच वलगण. मृगाच्या सरींना शेताच्या बांधांवर लोक ती पकडायला उतरतात. चढणारी प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते, म्हणून वलगणीचा मासा चवदार आणि म्हणूनच त्याची लूट घातक. पाऊस सुरू होऊन मध्येच पंधरा दिवसांची उघडीप पडली तर खाचरांत घातलेली अंडी आणि पिल्ले सुकतात. अलीकडे जूनमध्ये अशा उघडिपी डोक्याला ताप झाल्या आहेत, शेतकऱ्याच्या आणि माशांच्याही.

१ जून ते ३१ जुलै ही राज्याची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. खवळलेला समुद्र आणि माशांचा विणीचा हंगाम ही तिची कारणे. बिगरयांत्रिक होडीला ती लागू नाही, आणि खाडीतल्या गरीब मच्छीमाराच्या पोटाचा विचार करता ते योग्यच आहे. पण खाडीत पिल्ले वाढतात ती मुख्यतः बंदी उठल्यानंतर, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. त्या तीन महिन्यांत बारीक डोळ्यांची जाळी आवरणे हे खाडीसाठी खरे संरक्षण ठरेल, असे माझे ठाम मत आहे.

पाखरे आणि तिवरे

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. लहान रोहित गाळावरचे सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित त्यासोबत बारीक कवचधारी जीव. दोघांनाही उघडा पडलेला ओला गाळ आणि घोटाभर पाणी लागते. त्यांची वीण गुजरातेत, कच्छच्या रणात; तिकडे पाऊस लांबला, रण उशिरापर्यंत भरलेले राहिले की ते इकडे उशिरा येतात. ऐरोली-भांडुपच्या चिखलावर नोव्हेंबरमध्ये दिसणारी वा न दिसणारी गुलाबी रांग ही कच्छच्या हवामानाची बातमी असते.

किनारी चिखलपक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही. उधाणाला सुकती पहाटे आणि सायंकाळी येते, तेव्हा गाळ दूरवर उघडतो आणि कोरल, तुतवार, पाणटिवळे थंड वेळेत पोटभर खातात. दुपारी पाणी चढले की मिठागरांत किंवा पाणथळींत विसावतात. भांगेला गाळ कमी उघडतो, तोही उन्हात. एप्रिल-मेमध्ये उत्तरेच्या लांब प्रवासाआधी चरबी साठवायची असते तेव्हा अवकाळी पावसाने हे आठवडे बिघडवले तर नुकसान सैबेरियात जाऊन कळते.

तिवराचे झाड पानांतून मीठ बाहेर टाकते, तरीही मे अखेरीस त्याची ओढाताण होते. पावसाने जमीन धुतली की ते फोफावते आणि त्याच ओलाव्यात त्याची बीजे गळतात, कारण कोवळ्या रोपाला मीठ सोसत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या तिवरे ओरबाडून टाकतात आणि अख्खे वन करडे दिसते. घाबरायचे कारण नाही, महिन्या-दोन महिन्यांत पालवी परत येते, आणि गाळात पडलेली ती विष्ठा व पाने खेकडे-कोळंबीच्या अन्नसाखळीत जातात. औषध फवारण्याची मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

नवे हवामान आणि कामाचा सल्ला

अरबी समुद्र तापतो आहे आणि गेल्या काही दशकांत त्यात तीव्र चक्रीवादळे वाढली आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले. १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला; मे महिन्यासाठी तो विक्रम होता. त्या दिवशी वैशाखातली पंचमी-षष्ठी, पाणी भांगेकडे निघालेले. खाडी वर्षातल्या सर्वाधिक खारेपणाला पोचलेली, नाले साचलेले, ओहोटी क्षीण : जूनचा पहिला लोंढा महिनाभर आधी आणि चुकीच्या तिथीला आला. पुढे अशी गाठ वारंवार पडेल, आणि तिची तयारी समुद्री इशाऱ्यांनी होणार नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था संभाव्य मासळी क्षेत्रांचे सल्ले उपग्रहाने मोजलेले तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा यांवरून देते. गढूळ, अरुंद खाडीत ते मोजमाप निरुपयोगी आहे. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाऱ्याच्या वेगाचा असतो, तो कळव्याच्या पागवाल्याच्या उपयोगाचा नाही.

त्याला हवे आहे ते साधे आहे. दुर्गाडी, डोंबिवलीचे मोठागाव, कळवा आणि ऐरोली अशा चार ठिकाणी खारेपणा, तापमान आणि तळाचा प्राणवायू तासातासाला नोंदणारी यंत्रे, त्यांचे आकडे मराठीत मोबाइलवर, शेजारी त्या ठिकाणची खरी भरतीची वेळ. दुसरे काम महापालिकांचे. प्रक्रिया केलेले सांडपाणी अखंड सोडण्याऐवजी टाक्यांत धरून ठेवावे आणि ओहोटी लागल्यावर पहिल्या तासाने सोडायला घ्यावे, म्हणजे ते पुढच्या भरतीआधी दूर जाईल. मार्च ते जून दर महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांच्या आगेमागे दोन-दोन दिवस विसर्ग शक्य तितका कमी ठेवावा. नाल्यांतला गाळ मे अखेरीस उपसण्याची प्रथा आहे. तो उपसून काठावर ठेवला तर पहिल्याच सरीत परत खाडीत जातो, म्हणून उचलण्याची मुदत १५ मेच्या आत असावी, कारण वळवाचा आणि वादळाचा पाऊस आता त्याच सुमारास येऊ लागला आहे.